बारा चौकटींवरची रेघ

"अहो, एकेक चौकट वेगळी भरा," बाई म्हणाल्या, पण तोवर नवऱ्याचे पेन कागदावर टेकले होते.

फॉर्मवर बारा प्रश्न होते. प्रत्येकापुढे दोन चौकटी, एक 'होय'ची आणि एक 'नाही'ची. त्याने पहिल्या 'नाही'वर टोक ठेवले आणि शेवटच्या 'नाही'पर्यंत सरळ खाली ओढत नेले.

"झालं. दमा नाही, साखर नाही, कशानं अंगावर पुरळ नाही. धडधाकट माणूस आहे, फक्त चालता येत नाही."

"'गेल्या सहा महिन्यांत पडलात का?' हा प्रश्न वाचलात तरी का?"

"पडलो असतो तर आवाज ऐकून तूच आधी धावत आली असतीस."

सिस्टर हसली. "चालतं हो काकू. सगळे असंच भरतात," म्हणत तिने फॉर्म घेतला, टाचणी मारली आणि एक गुळगुळीत पुस्तिका त्यांच्या हातात दिली. 'तुमचा नवा सांधा' असे तिचे नाव. "सोमवारी सकाळी सातला यायचं. उपाशीपोटी. ही वाचून ठेवा, म्हणजे शंका राहणार नाहीत."

पण बाईंच्या मनात शंका आधीच आली होती, आणि ती सांध्याची नव्हती. त्या रेघेची होती. अशीच एक रेघ त्यांनी नुकतीच कुठेतरी पाहिली होती.

बाई एका वैद्यकीय मासिकाच्या कार्यालयात सव्वीस वर्षे नोकरीला होत्या. लेख डॉक्टर लिहायचे, दुसरे डॉक्टर तपासायचे, छापायचे की नाही ते संपादक ठरवायचे. बाईंकडे मुख्य काम एकच होते. लेखातल्या औषधाशी किंवा यंत्राशी लेखकाचा काही संबंध आहे का, कंपनीकडून मानधन, प्रवासखर्च, सल्लागारपद असे काही घेतले आहे का, हे विचारणारा फॉर्म भरून घ्यायचा, आणि जे कळेल ते लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापले जाईल याची खात्री करायची. त्या फॉर्मवरही बाराच प्रश्न होते. एका रेघेत भरलेला फॉर्म बाई कधीच घेत नसत, परत पाठवत. "ज्यानं एकच रेघ मारली त्यानं एकच प्रश्न वाचला," असे त्या म्हणत. मोठमोठ्या डॉक्टरांचे सहायक त्यांना आपसांत चौकटबाई म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होते आणि त्याचे वाईटही वाटत नसे.

नवरा बाकावर पाय लांब करून बसला होता. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडून उसनी आणलेली काठी त्याने भिंतीला टेकवली होती. बाईंनी पुस्तिका उघडली. सवयीने त्या शेवटच्या पानावरून वाचायला लागल्या. जाहिरात असो, लग्नपत्रिका असो, त्या बारीक अक्षरे आधी वाचत.

शेवटच्या पानावर सर्जनचा फोटो होता. सोमवारी ऑपरेशन करणारे तेच ते, निळ्या टोपीतले, हसरे. फोटोखाली लिहिले होते: 'या सांध्याच्या रचनेत प्रमुख सल्लागार.'

बाईंनी ते पुन्हा वाचले. मग पुस्तिका मिटून पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारले.

"काही नाही. तुम्हाला रिक्षात बसवते आणि ऑफिसला जाते. आज अंकाचा शेवटचा दिवस आहे."

"चेहरा का असा? ऑपरेशन माझं आहे, तुझं नाही."

याच सांध्याबद्दल याच सर्जनचा लेख आज चार वाजता छपाईला जाणार होता. इतर सांध्यांपेक्षा हा कमी सैल होतो, जास्त टिकतो, असे त्यात आकडे देऊन सांगितले होते. आणि त्या लेखाचा फॉर्म बाईंनी स्वतः तपासला होता.

*

फाईल काढायला दोन मिनिटे लागली. एरवी त्यांना अर्धा मिनिटही लागत नसे.

रेघ तिथेच होती. निळ्या शाईची, बाराच्या बारा चौकटींवरून खाली उतरलेली, शेवटी जराशी उजवीकडे वळलेली. खाली कुणाची तरी घाईची सही. आणि त्यावर बाईंचा स्वतःचा शिक्का होता, 'तपासले', सरळ, ठसठशीत. तारीख गेल्या महिन्यातल्या एका बुधवारची होती.

बाई खुर्चीत बसल्या. तो बुधवार त्यांना चांगला आठवत होता, कारण त्याच्या आदल्या दिवसाचा मंगळवार आठवत होता. मंगळवारी त्यांनी याच लेखाच्या एका आकृतीसाठी सर्जनच्या सहायकाला फोन केला होता. बोलता बोलता नवऱ्याच्या खुब्याचा विषय निघाला. साध्या यादीत आठ महिने होते. फोन मध्येच सर्जननी स्वतः घेतला. "आपल्या मासिकातल्या ताई ना? अहो, आठ महिने कशाला? पुढच्या महिन्यात बसवू की." त्या संध्याकाळी नवऱ्याने तीन मजले न थांबता चढून दाखवले होते, केवळ आनंदाने, आणि मग रात्रभर पाय शेकत बसला होता. आयुष्यभर लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि स्वतः राहायला बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. हा विनोद तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. हल्ली सांगत नव्हता.

बुधवारी फॉर्म आला. बाईंनी रेघ पाहिली होती की नव्हती? त्यांनी खूप आठवून पाहिले. पाहिली आणि चालवून घेतली, असे आठवत नव्हते. पाहिलीच नाही, असेही छातीठोकपणे म्हणता येत नव्हते.

त्या उठल्या आणि जुळणीच्या खोलीत गेल्या. तिथे पाने लावणारा गृहस्थ पडद्याला नाक लावून बसला होता. प्रत्येक पानाचा समास मोजायची त्याला खोड होती, म्हणून सगळे त्याला मोजपट्टी म्हणत.

"मोजपट्टी, सांध्याच्या लेखाची शेवटची ओळ काढा. फुल्या टाका."

"फुल्या?" त्याने मान वळवली. "बाई, साडेबारा वाजलेत. चारला अंक जातोय."

फुल्यांची पद्धत बाईंनीच आणली होती. पूर्वी प्रत्येक लेखाच्या शेवटी 'लेखकांचे कोणतेही हितसंबंध नाहीत' ही ओळ आधीच लावलेली असे. फॉर्म आला की गरजेप्रमाणे बदलायची. एकदा बदलायची राहिली. एका डॉक्टरने कंपनीचे नाव प्रामाणिकपणे कळवले होते आणि मासिकाने त्यालाच निष्कलंक करून छापले. तेव्हापासून फॉर्म तपासून होईपर्यंत त्या जागी पाच ठळक फुल्या राहत. फुल्या असलेले पान छपाईला जात नसे.

"तुम्हीच तर तपासलाय हा," मोजपट्टी म्हणाला. "शिक्का आहे."

"शिक्का चुकलाय."

त्याने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्याने ऐकले नव्हते. "तुमचा?"

"माझा. टाका फुल्या."

*

संपादक निवृत्त डॉक्टर होते. सावकाश बोलायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत, आणि अंक वेळेवर निघण्यापलीकडे त्यांना आता फारसे काही नको होते. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी पुस्तिका उलटसुलट करून पाहिली.

"हं. हे त्यांनी सांगायला हवं होतं."

"हो सर."

"पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू."

"दुरुस्ती कोण वाचतं, सर?"

"तुम्ही वाचता." ते किंचित हसले, मग हसू मावळले. त्यांच्या टेबलावर कंपनीचे पत्र होते. लेख छापून आला की त्याच्या सुट्या प्रती कंपनीला हव्या होत्या, गावोगावच्या डॉक्टरांना वाटायला, आणि त्या बऱ्याच हव्या होत्या. पत्र अर्धवट एका फाईलखाली होते. बाईंची नजर तिकडे गेली तशी सरांनी फाईल थोडी पुढे सरकवली. मग पुन्हा होती तशी मागे घेतली.

"आठ पानं आहेत, बाई. आता काढला तर तिथे काय घालू? आणि सांधा वाईट आहे असं कुठे आहे? आकडे परीक्षकांनी पाहिलेत. चांगलाही असेल."

"असेल. माझ्याच घरात बसायचाय, चांगलाच असावा असं मला नाही वाटणार? पण सर, लांबच्या एखाद्या दवाखान्यातला डॉक्टर हा लेख वाचून सांधा निवडणार. हे लिहिणारा कोण आहे ते त्याला कळायला नको?"

सरांनी पुस्तिका मिटली. "सोमवारी ना तुमच्या यजमानांचं?"

ते काळजीनेच विचारत होते, बाईंना ते दिसत होते.

"सोमवारी. तेच सांगायला आले. तारीख त्यांनी आधीची दिली, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांचा फॉर्म बघितला. म्हणजे हितसंबंध माझाही आहे. हे काम माझ्याकडे असायलाच नको होतं."

"अहो, तुमच्यासाठी फॉर्म नाही. लेखकांसाठी आहे, परीक्षकांसाठी आहे. माझ्यासाठीसुद्धा गेल्या वर्षापर्यंत नव्हता." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असं करा. त्यांना विचारा. साडेतीनपर्यंत नवा फॉर्म आला तर जे असेल ते छापा. नाही आला, तर फुल्या काढा आणि जुनीच ओळ परत घाला. मला अंक अडवता येणार नाही."

*

सर्जन दोन ऑपरेशनांच्या मध्ये सापडले. मागे कुणीतरी भांडी आपटावीत तसा आवाज येत होता.

"कोण? हां, ताई. बोला. सोमवारची तयारी झाली ना? काही खायचं नाही म्हणावं."

बाईंनी सगळे एका दमात सांगितले. पुस्तिका, फोटो, रेघ.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"फॉर्म हाताखालच्या मुलांनी भरला असेल," सर्जन म्हणाले. "मला काय लपवायचंय? मी त्या कंपनीसाठी काम करतो हे सगळ्या जगाला माहीत आहे."

"आमच्या वाचकांना नाही, डॉक्टर."

"ताई, एक विचारू? हा फोन मासिकाकडून आहे की घरून?"

बाईंनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दोन वाजून दहा मिनिटे.

"मासिकाकडून."

"मग मासिकाचंच बोलू," सर्जन म्हणाले, आणि फोन ठेवला. आवाज चढला नव्हता. पाठवतो म्हणाले नाहीत, पाठवत नाही असेही म्हणाले नाहीत.

अडीच वाजले. बाईंनी दर दोन मिनिटांनी संगणकावर ई-मेल पाहिली. पावणेतीन झाले. मोजपट्टी दारात येऊन गेला. सोमवार सकाळ सात, उपाशीपोटी, हे शब्द बाईंच्या डोक्यात मशीनसारखे फिरत होते. आत्ता उठावे, फुल्या काढा म्हणावे, कुणाला काही कळणार नाही. शिक्का आहेच. शिक्का सरळ आहे.

त्यांनी कपाटातून कोरा फॉर्म काढला. वर 'लेखकाचे नाव' असे छापले होते. 'लेखकाचे' खोडून त्यांनी 'फॉर्म तपासणारीचे' असे लिहिले आणि चौकटी भरायला लागल्या. एकेक, वेगळी. कंपनीकडून मानधन, नाही. प्रवासखर्च, नाही. बारावा प्रश्न होता: 'वाचकाला कळायला हवे असे अन्य काही?' तिथे त्यांनी 'होय'वर खूण केली आणि खाली लिहिले: 'माझ्या नवऱ्याचे ऑपरेशन हे लेखक करणार आहेत. यादी डावलून त्यांनी लवकरची तारीख दिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांचा फॉर्म नीट न पाहता त्यावर शिक्का मारला.' सही केली. तारीख घातली.

तीन वाजून बावीस मिनिटांनी सर्जनचा फॉर्म आला. बारा चौकटी, बारा वेगळ्या खुणा, इतक्या दाबून केलेल्या की काही ठिकाणी कागद खरवडलेला दिसत होता. तीन ठिकाणी 'होय'.

बाई त्याची प्रत काढून सरांकडे गेल्या. "हा मी तपासणार नाही. तुम्ही बघा."

सरांनी तो ओळीओळीने वाचला. मग शिक्का मागितला. सव्वीस वर्षांत त्यांनी तो हातात धरला नव्हता. पॅडवर टेकवायला विसरले, पहिल्यांदा नुसताच ओरखडा उमटला, दुसऱ्यांदा तिरका आला. "चालेल ना?" त्यांनी विचारले.

"वाचता येतंय."

मग बाईंनी आपला फॉर्म पुढे ठेवला. सरांनी तो वाचला. "हे मी कुठे छापू, बाई?"

"छापू नका. फाईलला लावा."

सरांनी स्वतः टाचणी घेतली आणि तो फाईलला लावला, आणि कंपनीचे ते पत्र फाईलखालून काढून खणात टाकले.

जुळणीच्या खोलीत मोजपट्टी कुरकुरत होता. एका ओळीच्या अडीच ओळी झाल्या होत्या. "जागा काय माझ्या खिशातून आणू? आकृती लहान करावी लागेल."

"करा."

"सांधा लहान दिसेल."

"दिसू द्या," बाई म्हणाल्या. मोजपट्टी हसला, आणि चारला पाच मिनिटे असताना पान गेले.

साडेपाचला बाई पर्स उचलत होत्या तेव्हा दवाखान्यातून फोन आला. सकाळचीच सिस्टर होती. "काकू, सोमवारचं पुढे गेलंय हो. यादी हललीय. नवी तारीख कळवतील."

"कोण कळवेल?"

"कळवतील," सिस्टर म्हणाली. तिलाही माहीत नसावे.

*

नवरा खिडकीशी बसून काठीच्या टोकाचे रबर पाहत होता. सोमवारनंतर काठी परत करायची म्हणून त्याने ती पुसून ठेवली होती. बाईंनी चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि सगळे सांगितले, फोनवरच्या त्या एका प्रश्नासकट.

त्याने काठी भिंतीला टेकवली.

"चार दिवस," तो म्हणाला. "चार दिवस थांबता आलं नसतं तुला? अंक गेला असता, सांधा बसला असता, मग काय ते छापायचं होतंस."

"सरही तेच म्हणाले."

"मग शहाणा माणूस आहे तो."

"यादी खरंच हलली असेल," बाई म्हणाल्या. "त्यांनी मुद्दाम केलं असं मला म्हणता येणार नाही."

"तुला काहीच म्हणता येत नाही. तुझं हे फार आहे." त्याने पाय उचलून स्टुलावर ठेवला, दोन्ही हातांनी, एखादी जड वस्तू ठेवावी तसा.

बाईंचा आवाज बारीक झाला. "तुम्ही कधी लिफ्टच्या खड्ड्यात न उतरता तपासणीच्या कार्डावर सही केलीत?"

त्याने बाईंकडे पाहिले. खोटे बोलायची ही वेळ आहे का, याचा विचार करत असावा.

"दोनदा," म्हणाला. "एकदा पाऊस होता. एकदा कंटाळा." मग थोड्या वेळाने, "दोन्ही वेळा रात्री उठून गेलो होतो बघायला. तुला सांगितलं नव्हतं."

बाई खाली मास्तरांकडे गेल्या आणि काठी आणखी काही दिवस राहू द्या म्हणाल्या. "किती दिवस?" मास्तरांनी विचारले. "माहीत नाही," बाई म्हणाल्या.

नवी तारीख कळवणारा फोन आला नाही. तीन आठवडे वाट पाहून बाईंनी नवऱ्याचे नाव साध्या यादीत, दुसऱ्या सर्जनकडे घातले. अंक निघाला. कुणी पत्र लिहिले नाही, कुणी तक्रार केली नाही. कंपनीने प्रती मागवल्या, पण पहिल्यापेक्षा कमी. त्या अडीच ओळी कुणी वाचल्या की नाही ते बाईंना कधी कळले नाही. नवरा घराबाहेर कमी जाऊ लागला. मग फक्त गच्चीपर्यंत, मग तेही नाही.

सात महिन्यांनी ते पुन्हा एका बाकावर बसले होते. दवाखाना दुसरा, सिस्टर दुसरी. फॉर्मही दुसरा, पण प्रश्न तेच आणि तितकेच.

नवऱ्याने चष्मा लावला. काठी बाईंच्या हातात दिली आणि पॅड मांडीवर घेतले. पहिला प्रश्न वाचला, ओठ हलवत. खूण केली. दुसरा वाचला. मागे रांगेत चार-पाच जण उभे होते, कुणीतरी घसा खाकरला.

"आजोबा, एक रेघ मारा, चालतं," सिस्टर म्हणाली.

"माझ्या घरात नाही चालत," तो म्हणाला आणि पुढचा प्रश्न वाचू लागला.

बाई हसल्या. त्या कागदाकडे बघत नव्हत्या. काठीच्या टोकाचे रबर एका बाजूने झिजून तिरके झाले होते, मास्तरांना नवे लावूनच परत द्यायला हवे, असे त्यांच्या मनात आले. मग पेन थांबल्याचे त्यांच्या लक्षात आले.

नववा प्रश्न होता. 'गेल्या सहा महिन्यांत पडलात का?'

नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. पेन उचलले, 'नाही'वरून पुढे नेले आणि 'होय'च्या चौकटीत हळूच एक खूण केली. खाली रिकामी ओळ होती. तिथे त्याने मेकॅनिकच्या चौकोनी अक्षरांत लिहिले, 'दोनदा. जिन्यात.'

"कधी?" बाईंनी विचारले.

"तू ऑफिसात होतीस," तो म्हणाला, आणि दहावा प्रश्न वाचायला लागला.